भाड्याच्या ई-स्कूटरचा ब्रेक लागला नाही, भुर्दंड कोणाला?

प्रश्न : ॲपवरून घेतलेल्या ई-स्कूटरचा ब्रेक उतारावर लागलाच नाही. मी पडले, मनगट मोडलं. कंपनीने गाडीच्या नुकसानीपोटी माझी अनामत कापली, वर आणखी पैसे मागते आहे. 'गाडी तपासून घेण्याची जबाबदारी ग्राहकाची' ही अट मी मान्य केली होती, असं त्यांचं म्हणणं. मागे मावसबहीण बसली होती. तिला लागलं नाही. पैसे भरू का?

उत्तर : तूर्त एक पैसाही भरू नका. ॲपमध्ये तडजोड मान्य करायला सांगणारं बटण आलं, तर त्यालाही हात लावू नका.

भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 150 तुमच्या बाजूचं आहे. वस्तू फुकट वापरायला दिली असेल, तर माहीत असलेला दोष लपवल्याबद्दलच देणारा जबाबदार ठरतो. भाडं घेतलं की ही सवलत संपते. दोष त्याला माहीत असो वा नसो, त्यातून थेट झालेलं नुकसान त्याच्याच माथी. 'आम्हाला ब्रेकबद्दल काही कल्पना नव्हती' हा बचाव इथे चालत नाही. कंपनी अटीचा आधार घेईल. पण रस्त्याकडेला उभी गाडी कोड स्कॅन करून घेणाऱ्याने ब्रेकची वायर सोलून बघावी, अशी अपेक्षा मला तरी हास्यास्पद वाटते. वस्तू भाड्याने घेणाऱ्याने सामान्य शहाण्या माणसाइतकी काळजी घ्यावी, एवढंच कलम 151 म्हणतं.

खरी लढाई पुराव्याची आहे. ब्रेकमध्ये दोष होता हे तुम्हालाच दाखवावं लागेल आणि गाडी त्यांच्या ताब्यात आहे. म्हणून आजच ई-मेल करा : गाडीचा क्रमांक, राइडची वेळ लिहा, त्या राइडचा डेटा, दुरुस्तीच्या नोंदी आणि आधीच्या ग्राहकांच्या तक्रारी जपून ठेवा, असं बजावा. एक्स-रे, केसपेपर, पडल्यानंतरचे फोटो सांभाळा.

बहिणीचा मुद्दा कंपनी नक्की काढेल. एकाच माणसासाठी असलेल्या गाडीवर दोघी होतात, तर भरपाई कमी होऊ शकते. तरीही तक्रारीत ते लपवू नका. राइडच्या नोंदीतून किंवा कॅमेऱ्यातून ते बाहेर आलं, तर बाकीच्या म्हणण्यावरचाही विश्वास उडेल.

गाडीचा विमा कामी येईल का हे पाहायचं, तर तिला नंबरप्लेट होती का, तेही कळवा. 250 वॉटपेक्षा कमी क्षमतेची मोटर, ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि बॅटरी वगळून 60 किलोपर्यंत वजन असेल, तर ती मोटार वाहनच ठरत नाही. ठरली तरी थर्ड पार्टी विमा चालवणाऱ्याच्या स्वतःच्या दुखापतीसाठी नसतो. त्यामुळे तुमचा रोख कंपनीवरच ठेवा.

कंपनीला भरपाईची नोटीस पाठवा; तिला दाद दिली नाही, तर तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. अटींमध्ये लवादाचं कलम (वाद कोर्टाऐवजी खासगी पंचाकडे न्यायची अट) असलं तरी तो मार्ग बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते स्पष्ट केलं आहे. अनामत, औषधोपचाराचा खर्च आणि बुडालेली कमाई, तिन्ही एकाच तक्रारीत मागा. मुदत दोन वर्षांची आहे, पण राइडचा डेटा तितके दिवस राहीलच असं नाही.