मुंबईहून एका दिवसात जंजिरा: होतो, पण बाकीची यादी फाडून टाका

तुमचा प्लॅन वाचला. शनिवारी सकाळी गेटवेवरून फेरी, मांडवा, मग अलिबागचा कुलाबा किल्ला, बिर्ला मंदिर, काशीदला पोहणं, जंजिरा, आणि रात्री जेवायला परत घरी. सोबत ६८ वर्षांच्या आई ज्यांचे गुडघे दुखतात, आणि चौथीतला मुलगा. अहो, हे कॉलेजच्या पोरांनासुद्धा झेपणार नाही. पण एकटा जंजिरा एका दिवसात नीट होतो, मुलाला आयुष्यभर लक्षात राहील असा होतो, आईंचं काय करायचं तेही खाली सांगतो.

आधी फेरीचं. गेटवेवरून कॅटामरान आणि लाँच सुटतात, साधारण तासाभरात मांडवा, आणि तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस असते. हे सगळं झकास, पण ते अलिबागपर्यंतच. अलिबागहून मुरुड आणखी पन्नासेक किलोमीटर, रस्ता किनाऱ्याकिनाऱ्याने रेवदंडा, साळाव, काशीद, नांदगाव असा गावागावांतून वळत जातो, एसटीने दोन तास धरा, मग मुरुडहून राजपुरीला, जिथून किल्ल्याच्या होड्या सुटतात, रिक्षा. आईंना घेऊन एवढ्या चढउतारी नकोत. त्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने आपली गाडीच मांडव्याला न्या. ही सेवा २०२० च्या मार्चपासून आहे, गाडी खाली लावायची आणि वर जाऊन बसायचं, तासाभरात पलीकडे. जायचं आणि यायचं दोन्ही बुकिंग आधीच करून ठेवा, शनिवार-रविवारी गाड्यांच्या जागा भरतात. आणि सकाळची पहिली फेरी घ्या, दुसरी नाही. मांडव्याहून राजपुरी अडीच तास लागतातच, परतीचे अडीच तास, वर वाटेत कुठे बैलगाडी आडवी आली, कुठे लग्नाची वरात, म्हणजे दुपारी दोन-अडीचला राजपुरी सोडायलाच हवी. गणित करून बघा, बिर्ला मंदिर कुठे बसतंय ते. साळावचा पूल ओलांडला की ते दिसतंच, गाडीतून नमस्कार करा आणि पुढे व्हा.

फेरीवर एक गोष्ट. थंडीत बोटीमागे सीगलचे थवे लागतात आणि सगळे कुरकुरे, गाठिया उधळायला लागतात. ते पक्षी हजारो मैलांवरून येतात, मीठतेलाचं खाणं त्यांच्या पोटात कशाला घालायचं? मुलाला नुसतं बघू द्या, तेवढ्यातही मजा आहे.

आता खरा मुद्दा, आणि हा कोणी विचारतच नाही. तारीख ठरवताना शनिवार-रविवार बघण्याआधी तिथी बघा. आमच्याकडे कोळी लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या आसपास भरती, आणि त्याच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. अगदी मिनिटाला मिनिट नाही जुळत पण पिकनिक ठरवायला पुरतं. तुम्ही राजपुरीला साडेदहा-अकराला पोचणार, तेव्हा पाणी चढलेलं पाहिजे, कारण ओहोटीला होडी खाली बसते आणि किल्ल्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. म्हणजे द्वादशी-त्रयोदशी सगळ्यात सोयीची, नऊ-पावणेदहाला भरती, तुम्ही पोचाल तेव्हा पाणी नुकतंच उतरायला लागलेलं. पौर्णिमा-अमावास्येला वेळ बरोबर येते पण उधाण असतं, ओढ जोरात असते, आई सोबत असताना ते नको. अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी, पण ती भांगाची, पाणी फार खाली जात नाही, त्यामुळे अडलंच तर चालेल.

वाऱ्याचंही तसंच. सकाळी वारा जमिनीकडून असतो, पाणी त्यातल्या त्यात शांत, दुपारनंतर खारा वारा सुटला की होडी हलायला लागते. ज्यांना बोट लागते त्यांनी तर सकाळचंच बघावं.

राजपुरीच्या धक्क्यावर तिकीट काढायचं, होडी भरली की सुटते. इथे अजून शिडाच्या होड्या आहेत, इंजिन नाही, आणि माझ्या मते निम्मी मजा यातच आहे. दिघीकडून किंवा खोरा बंदरातूनही जाता येतं, पण राजपुरीहूनच जा. वारा असेल तर दहा-पंधरा मिनिटं, पडलेला असेल तर जास्त, तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, शीड फिरवत फिरवत तिरके जातात. मुलाला शिडाच्या दोरीजवळ जागा मिळाली तर बघा, पण त्या दोरीत पाय अडकवू नको म्हणावं.

आणि या दहा-पंधरा मिनिटांत मोबाईल खिशात ठेवा, किल्ल्याकडे बघत बसा. जंजिरा आत जाऊन कळतो त्यापेक्षा बाहेरून जास्त कळतो असं मला वाटतं. लांबून नुसती सलग भिंत दिसते, पाण्यातूनच उगवल्यासारखी, पायाशी वाळू नाही, किनारा नाही, शिडी लावायला जागाच नाही. बुरूज गोल, एकमेकांवर नजर ठेवून, आणि तोफांची तोंडं बाहेर काढलेली. दरवाजा मात्र कुठेच दिसत नाही. होडी अगदी जवळ गेली की दोन बुरुजांच्या बेचक्यात तो एकदम उघडा पडतो. मुलाला आधीच पैज लावायला सांगा, दरवाजा कोण आधी शोधतो. हल्ला करायला आलेल्या गलबताची काय अवस्था होत असेल ते तिथे न सांगता कळतं, दरवाजा सापडेपर्यंत तुम्ही तीन-चार बुरुजांच्या माऱ्यात.

उतरण्याचं नीट सांगतो कारण आईंचा निर्णय यावर आहे. दरवाजाच्या पायऱ्यांना होडी लावतात, पण होडी स्थिर नसते, लाटेबरोबर हात-दीड हात वरखाली होत राहते. एक जण दोर धरून असतो, एक जण पायरीवर उभा राहून हात देतो. होडी वर आली की त्या क्षणाला पाऊल टाकायचं, खाली जाताना नाही, आणि दोन्ही हात मोकळे पाहिजेत. पर्स, पाण्याची बाटली, टोपी सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये. लोक एका हातात मोबाईल धरून व्हिडिओ काढत उतरतात, त्यांना बघूनच पोटात गोळा येतो. किल्ल्यापाशी नवीन धक्क्याचं कामही काढलेलं आहे, तेव्हा सध्या कुठे आणि कसं उतरवतात ते तिकीट काढतानाच विचारून घ्या. धक्क्यावरून उतरायचं असेल तर आई आरामात जातील. पायऱ्यांवरच उतरायचं असेल आणि गुडघा वाकत नसेल तर त्यांना राजपुरीतच थांबवा, आग्रह करू नका. वाईट वाटून घेण्याचं कारण नाही, राजपुरीला उतरताना जो घाटाचा वळसा आहे तिथून अख्खा जंजिरा खाडीच्या तोंडाशी दिसतो, तो त्यांना गाडीतून उतरून निवांत बघता येईल. जवळच खोकरीला सिद्दींचे जुने दगडी मकबरे आहेत, तिथे गर्दी नसते, सावली असते.

आत गेल्यावर वेळ कमी मिळतो, ज्या होडीने गेलात तिनेच परत यायचं असतं, साधारण पाऊण तास ते तास. म्हणून सगळं बघायच्या नादात धावू नका. दरवाजाशीच भिंतीवरचं शिल्प बघा, एक वाघासारखा प्राणी आणि त्याने पायांत, तोंडात, शेपटीत मिळून सहा हत्ती पकडलेत. मग तोफा, कलाल बांगडी, चावरी, लांडा कासम. गाईड सांगतील की कलाल बांगडी कितीही उन्हात तापत नाही. दुपारी बाराला हात लावून बघा आणि काय ते ठरवा. दोन गोड्या पाण्याचे तलाव आहेत, चहूकडे खारं पाणी आणि मधे हे, मला तोफांपेक्षा याचं जास्त अप्रूप वाटतं, कारण एवढे वेढे सोसले ते या पाण्याच्या जिवावर. सुरूलखानाचा पडका वाडा, वर बालेकिल्ला, आणि पश्चिमेला समुद्राकडे उघडणारा छोटा दर्या दरवाजा. वेळ कमी पडला तर बालेकिल्ला सोडा, दर्या दरवाजा सोडू नका.

गाईडचं ऐका पण सगळंच खरं धरू नका. २२ एकर, २२ वर्षं बांधकाम, २२ बुरूज हे ठरलेलं पाठांतर आहे. बुरूज बहुतेक पुस्तकांत १९ दिलेत, मुलाला मोजायला लावा. समुद्राखालून राजपुरीपर्यंत भुयार आहे ही कथाही येणारच, ऐकायला छान आहे.

इतिहास मुलाला आधी घरीच सांगून न्या, तिथे गडबडीत होत नाही. मूळ इथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, राम पाटील त्यांचा प्रमुख. निजामशाहीकडून पिरमखान व्यापारी बनून आला, दारूची पिंपं उतरवली, आणि रात्री पिऊन पडलेल्यांना कापून कोट घेतला अशी हकिगत सांगतात. दगडी किल्ला त्यानंतरचा, सोळाव्या शतकातला. पुढे सिद्दी, म्हणजे आफ्रिकेच्या हबसाणातून आलेले लोक, त्यांनी तो शेवटपर्यंत राखला. शिवाजी महाराजांनी अनेकदा प्रयत्न केले. मुरुडसमोर कासा बेटावर पद्मदुर्ग बांधला तो याच्यासाठीच, आणि त्या पद्मदुर्गाला रसद पोचवायला उशीर करणाऱ्या सुभेदाराला महाराजांनी १६७५ च्या जानेवारीत जे खरमरीत पत्र लिहिलं त्यात म्हटलंय की पद्मदुर्ग वसवून राजपुरीच्या (म्हणजे सिद्दीच्या जंजिऱ्याच्या) उरावर दुसरी राजपुरी केली. जंजिऱ्याच्या तटावर उभं राहून वायव्येला पद्मदुर्ग दिसला की हे वाक्य मुलाला सांगा, लगेच कळेल. लाय पाटील नावाच्या कोळ्याची गोष्टही सांगा, ज्याने रात्री जाऊन तटाला शिड्या लावल्या, वाट बघत राहिला, पण मागून कुमक वेळेत आली नाही आणि उजाडायच्या आत शिड्या काढून परतावं लागलं. महाराजांनी त्याला पालखी देऊ केली, तो म्हणाला आम्ही दर्यातली माणसं, पालखी काय करायची, तेव्हा गलबत बांधून दिलं आणि त्याचंच नाव पालखी ठेवलं. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी तर खाडी बुजवत किल्ल्यापर्यंत सेतू टाकायला घेतला होता, पण मोगली फौज कल्याणकडे उतरली आणि त्यांना तिकडे जावं लागलं. जंजिरा संस्थान विलीन झालं ते थेट १९४८ मध्ये. म्हणजे "अजिंक्य" हा शब्द इथे नुसता पाटीवरचा नाही.

पद्मदुर्गालाही जाऊ का असं पुढे विचाराल, तर या ट्रिपमध्ये नको. तिथे जंजिऱ्यासारख्या नियमित होड्या नाहीत, मुरुडला ओळखीने ठरवावी लागते, उतरणं आणखी अवघड. पण कधी गेलात तर तटाचे दगड बघा, खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून आत गेलेत आणि मधला चुना तसाच पुढे उभा आहे.

फुटकळ गोष्टी. किल्ल्यावर खायला-प्यायला आणि बाथरूमला काही धरून चालू नका, ते राजपुरी किंवा मुरुडलाच उरकून घ्या. टोपी हवीच, आत सावली फार कमी. चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी होड्या थांबतात. पावसाळ्यात, म्हणजे मेअखेरपासून, समुद्र खवळला की बंदच, गणपतीनंतर चालू झाल्या का ते फोन करून विचारा. नाताळ ते एकतीस डिसेंबर चुकूनही जाऊ नका, तेव्हा धक्क्यावर दोन-दोन तास रांग असते आणि तुमचं परतीच्या रो-रोचं गणित तिथेच कोलमडतं. जेवण मुरुडमध्ये, खानावळीत जाता जाताच ऑर्डर सांगून ठेवा, परत येईपर्यंत ताट तयार मिळतं. सुरमई असेल तर सुरमई, नसेल तर जे ताजं असेल ते, आणि सोलकढी दोनदा मागा.

आणि कुलाबा किल्ला? तो वेगळ्या दिवशी, तोही आईंना घेऊन. तिथे हिशोब उलटा, ओहोटी दुपारच्या सुमारास पाहिजे, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपास, तेव्हा चालत किंवा घोडागाडीतून जाता येतं, होडीत चढउतार नाही. भांगाच्या ओहोटीला गुडघाभर पाणी राहू शकतं म्हणून घोडागाडीच बरी. आत गणपतीचं मंदिर आहे, आईंना आवडेल. गेटवेवरून लाँच, अलिबागपर्यंत बस, संध्याकाळी परत, गाडीसुद्धा लागत नाही. खरं सांगायचं तर तुमच्या मूळ प्लॅनमधली फेरीची सहल ही आहे.

तुम्ही महिना सांगितला आहे, तारीख नाही. ती सांगा, त्या शनिवारी कोणती तिथी येते आणि भरती किती वाजता ते काढून देतो, मग जंजिरा आधी की कुलाबा ते ठरवू.