काळी मुसळी: फूल पिवळं, मग 'काळी' कशी?

प्रश्न असा आहे: पहिल्या पावसानंतर माळावर, गवताच्या बुडाशी, सहा पाकळ्यांचं पिवळं फूल दिसतं. त्याला 'काळी मुसळी' का म्हणतात? आणि पांढरी मुसळी ही हिचीच पांढऱ्या फुलांची जात का?

दोन्ही नावांतला रंग फुलाचा नाही, जमिनीखालच्या भागाचा आहे. काळ्या मुसळीचा कंद एकटाच, सरळ खाली उतरलेला, वरून काळपट तपकिरी. कापला की आत पांढरट. 'मुसळ' त्या उभ्या आकारावरून. पांढऱ्या मुसळीच्या बुडख्यातून मांसल मुळांचा झुबकाच फुटतो आणि ती सोलली की पांढरी निघतात. तिची फुलंही पांढरी, म्हणून गोंधळ होतो. पण ही एकाच झाडाची दोन रूपं नव्हेत. काळी म्हणजे कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस, तर पांढरी म्हणजे क्लोरोफायटम, कूळसुद्धा वेगळं. क्लोरोफायटमच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात तर आपलं बोरिवली आहे: बोरिविलिएनम.

ओळखायला खणायची गरज नाही. काळीच्या पानावर उभ्या चुण्या असतात, ताडामाडाच्या कोवळ्या रोपासारख्या. पानाचं टोक ओल्या मातीला टेकलं तर तिथे मुळं फुटून नवं रोपही धरतं. पांढरीच्या पानाला अशा चुण्या नसतात आणि तिचा फुलांचा दांडा गवतातून स्पष्ट वर येतो.

काळीचं फूल मात्र नीट वाकून पाहावं. खालचा बारीक देठ वाटतो तो देठ नसतो. बीजांडकोश, म्हणजे ज्याचं पुढे फळ होतं तो भाग, पानांच्या बुडात, जवळजवळ मातीत दडलेला असतो. त्याचीच लांब चोच वर येते आणि तिच्या टोकाला फूल उमलतं. पाकळ्यांची बाहेरची बाजू केसाळ असते. फळ खालीच पिकतं, बी काळं, चकचकीत, चोचीचं. 'कर्क्युलिगो' हे नाव त्या चोचीवरूनच पडलं. लॅटिनमध्ये 'कर्क्युलिओ' म्हणजे धान्यातला सोंड्या किडा.

जागा म्हणाल तर गवताळ उतार आणि पानगळीच्या जंगलातली विरळ सावली. पावसाळा सरला की पानं वाळतात, खाली कंद जिवंत राहतो. तो एकच असल्यामुळे उपटला की झाड संपलं.

लिहिताना नुसतं 'मुसळी' लिहू नये. संस्कृतातली 'तालमूली' म्हणजे काळी, पण आज बाजारात 'मुसळी' मागितली की बहुधा पांढरीच पुढे येते. 'मुसली' हे हिंदी रूप; मराठीत 'मुसळी'च.