अमेरिकेत एकाच रस्त्याच्या दोन बाजूंच्या शेतकऱ्यांना वेगवेगळे अनुदान का मिळते?

आपण विचारले आहे की, आयोवा राज्यात रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे सारखाच मका पिकवणाऱ्या दोन शेतकऱ्यांपैकी एकाला सरकारी अनुदान मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, हे कसे? मी त्या राज्यात काही वर्षे एका शेतकरी कुटुंबाच्या शेजारी राहिलो आहे आणि मलाही हाच प्रश्न पडला होता. तो रस्ता बहुधा दोन काउंट्यांची (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागांची) हद्द असावा.

आयोवात ९९ काउंट्या आहेत. मका, सोयाबीन, गहू अशा पिकांसाठी २०१४ च्या कायद्याने दोन योजना आणल्या आणि शेतकऱ्याला त्यांतून निवड करायला सांगितले. पहिलीत देशभरातील सरासरी बाजारभाव ठरावीक संदर्भभावाखाली गेला की फरकाची रक्कम मिळते; आपल्या हमीभावासारखेच हे वाटते, पण सरकार धान्य खरेदी करत नाही. दुसरी योजना काउंटीच्या एकरी उत्पन्नावर, म्हणजे पिकाचा उतारा गुणिले बाजारभाव यावर चालते. उतारा आणि भाव या दोन्हींचे मागील पाच वर्षांतील सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडे वगळून उरलेल्या तिन्हींची सरासरी काढतात, आणि काउंटीचे एकरी उत्पन्न त्या सरासरींच्या गुणाकाराच्या ८६ टक्क्यांखाली (२०२५ च्या कायद्यानंतर ९० टक्क्यांखाली) घसरले तरच रक्कम मिळते. यात तुमच्या शेताचे उत्पन्न कोणी पाहतच नाही. आपल्याकडे महसूल मंडळाच्या सरासरीवर पीकविमा ठरतो, तेव्हा ज्याचे शिवार पाण्याखाली गेले पण मंडळाचे पीक बरे आले, त्याची जी अवस्था होते, तीच येथेही होते.

पैसेही ताबडतोब येत नाहीत. २०२३ च्या पिकाची रक्कम ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे पुढचे पीक काढणीला आल्यावर मिळाली. शिवाय ती यंदाच्या पेऱ्यावर नव्हे, तर जुन्या पीकनोंदींवरून कागदोपत्री ठरलेल्या क्षेत्रावर, आणि त्याच्याही ८५ टक्क्यांवरच मिळते. आज त्या रानात सोयाबीन असले, तरी कागदावर मका असेल तर हिशेब मक्याचा होतो.

चीनशी व्यापारयुद्ध सुरू असताना २०१९ मध्ये दिलेली भरपाई तर सरळ काउंटीनिहाय एकरी दराने होती. तो दर १५ ते १५० डॉलर असा होता, त्यामुळे हद्दीवर राहणाऱ्यांची कुरकुर समजण्यासारखी आहे.

माझे मत विचाराल तर खरा प्रश्न हद्दीचा नसून खंडाचा, म्हणजे जमिनीच्या भाड्याचा आहे. आयोवातील निम्म्याहून अधिक शेतजमीन कसणाऱ्याच्या मालकीची नाही. रोख खंडाने जमीन घेतली असेल तर अनुदान कसणाऱ्याच्या नावे येते हे खरे, पण जमीनमालकालाही ते ठाऊक असते आणि पुढच्या करारात खंड वाढतो.

कोणाला किती मिळाले हे नावानिशी पाहायचे असेल, तर एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने सरकारी नोंदींवरून तयार केलेली यादी काउंटीवार उघडता येते. मात्र पीकविम्याच्या हप्त्यात सरकार जो मोठा वाटा उचलते, त्याच्या लाभार्थ्यांची नावे कायद्याने गोपनीय आहेत. तेव्हा रस्त्यापलीकडच्या शेतकऱ्यापुढे त्या यादीत शून्य दिसले, तरी त्याला सरकारकडून काहीच मिळाले नाही असे समजू नका.