‘बसलेय’ला सिटिंग, मग ‘कळतंय’ला अंडरस्टँडिंग का नाही?

एका आईंनी विचारलेला प्रश्न आहे. त्यांची मुलगी सातवीत आहे. शिकवणीत तिला चालू वर्तमानकाळाचा नियम सांगितला तो असा: मराठी वाक्यात ‘त आहे’ दिसलं की इंग्रजीत ‘अ‍ॅम’, ‘इज’ किंवा ‘आर’ घ्यायचं आणि क्रियापदाला ‘इंग’ लावायचं. मुलीने दोन वाक्यं पुढे ठेवली. ‘मी बसले आहे’ यात ‘त’ नाही, तरी इंग्रजीत ‘आय अ‍ॅम सिटिंग’. ‘मला कळत आहे’ यात ‘त आहे’ अगदी ठसठशीत आहे, तरी ‘आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग’ लिहिलं तर बाई लाल रेघ मारतात. नियम चुकला की बाई चुकल्या, असं तिने आईला विचारलं.

बाईंचं बरोबर आहे. नियम अर्धाच आहे. मुलीची शंका मात्र मला फार मोलाची वाटते, कारण तिने बोट ठेवलंय ते नेमकं दोन्ही भाषा वेगळ्या वाटांनी जातात त्या जागेवर.

आधी जिथे वाटा जुळतात ते पाहू. लग्नाच्या बोलणीत कुणी विचारलं, ‘मुलगा काय करतो?’ तर उत्तर येतं, ‘बँकेत आहे.’ घरात शिरताना विचारलं, ‘मुलगा काय करतोय?’ तर उत्तर येतं, ‘आंघोळ.’ फरक एका ‘य’चा, पण कोणताही मराठी माणूस त्यात गोंधळत नाही. पहिल्या प्रश्नाचं इंग्रजी ‘व्हॉट डज ही डू’, दुसऱ्याचं ‘व्हॉट इज ही डुइंग’. साधा आणि चालू वर्तमानकाळ यांतला फरक मुलांना शिकवायचा तर मी याच जोडीपासून सुरुवात करीन, कारण हा फरक त्यांच्या कानात आधीपासून आहे. ‘मी उद्या नाशिकला जातेय’ असं ठरलेल्या बेताबद्दल आपण म्हणतो, तसंच इंग्रजीतही ‘आय अ‍ॅम गोइंग टू नाशिक टुमॉरो’. गाडीच्या वेळापत्रकाला आपण ‘सहाला सुटते’ म्हणतो, तेही ‘लीव्ह्‌ज अ‍ॅट सिक्स’ म्हणतात. इथवर नियम न शिकताही काम भागतं.

आता ‘बसलेय’. मराठीत बसणं म्हणजे उभ्याचं खाली टेकणं, तेवढा बदल. तो एकदा झाला की क्रिया संपली आणि उरली ती स्थिती. म्हणून आपण ‘बसली आहे’ असं पूर्ण झाल्याचं रूप वापरतो. ‘ती बसतेय’ म्हटलं तर ती आत्ता खाली टेकते आहे असं चित्र उभं राहतं. इंग्रजीतलं ‘सिट’ हे त्या बदलाचं नाव आहेच, पण त्याहून जास्त ते बसलेल्या अवस्थेचं नाव आहे. ती अवस्था चालू आहे, म्हणून ‘इज सिटिंग’. नुसता बदल सांगायचा असेल तर ते ‘डाउन’ जोडतात.

हे एकदा लक्षात आलं की आपल्याकडच्या पुष्कळ चुकांचं मूळ सापडतं. ‘तिने निळी साडी नेसली आहे’ याचं आपण सरळ ‘शी हॅज वोर्न अ ब्लू सारी’ करतो. मी स्वतः कॉलेजात असताना असंच लिहीत असे. इंग्रजीत हवं ‘शी इज वेअरिंग’. चष्मा लावलाय, टोपी घातलीय, त्यालाही ‘वेअरिंग’च. हातात पिशवी धरलीय याला ‘होल्डिंग’. तो झोपलाय याला ‘स्लीपिंग’. शर्ट खुंटीला लटकलाय याला ‘हँगिंग’. ‘मी स्टॉपवर थांबलोय’ याचं ‘आय हॅव स्टॉप्ड’ केलं तर ऐकणाऱ्याला आपण काहीतरी करायचं सोडून दिलं असं वाटेल. म्हणायचं असतं ‘आय अ‍ॅम वेटिंग’. या सगळ्या वाक्यांत मराठीत ‘ल’ आहे आणि इंग्रजीत ‘इंग’ आहे. आपण एकमेकांना दिवसातून दहादा विचारतो ते ‘काय चाललंय?’ घ्या. चालू गोष्टीविषयी विचारायचं तर रूप ‘चालत आहे’ हवं होतं, पण वापरतो ‘चाललं आहे’. म्हणजे ‘त आहे’चा नियम मराठीतल्या सगळ्यात साध्या प्रश्नालाही लागू पडत नाही.

दुसरी बाजू ‘कळतंय’ची. पुस्तकांत ‘या क्रियापदांना इंग लागत नाही’ म्हणून लांबलचक यादी दिलेली असते आणि मुलं ती घोकतात. मराठी मुलांना त्या यादीची फारशी गरज नाही असं माझं ठाम मत आहे. ती वाक्यं मराठीत म्हणून पाहा: मला कळतंय, मला आठवतंय, मला वाटतंय, मला दिसतंय, मला ऐकू येतंय, मला हवंय, मला आवडतंय. प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी ‘मला’ आहे, ‘मी’ नाही. मराठीला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे की कळणं, आठवणं ही माणूस करत नाही, ती त्याला होतात. इंग्रजीत सगळीकडे ‘आय’ असल्यामुळे हा भेद डोळ्यांना दिसत नाही, पण तो आहे. जे नुसतं होतं त्याला ‘इंग’ नको: आय अंडरस्टँड, आय रिमेंबर, आय वाँट. जे माणूस करतो त्याला ‘इंग’ चालतं. ‘मला वाटतं’ म्हणजे ‘आय थिंक’, आणि ‘मी विचार करतोय’ म्हणजे ‘आय अ‍ॅम थिंकिंग’. क्रियापद एकच.

स्वयंपाकघरातलं उदाहरण याहून बोलकं आहे. आमटी खारट लागतेय: ‘द आमटी टेस्ट्‌स सॉल्टी’. आई आमटीची चव बघतेय: ‘आई इज टेस्टिंग द आमटी’. आमटी काही करत नाही, आई करते. वासाचंही तसंच. फुलाला वास येतोय, तिथे ‘स्मेल्स’. ती फूल हुंगतेय, तिथे ‘इज स्मेलिंग’. ‘मला दोन भाऊ आहेत’ याला ‘हॅव’, पण ‘आम्ही जेवतोय’ याला ‘वी आर हॅविंग लंच’ बिनदिक्कत म्हणावं. ‘तो उद्धट आहे’ म्हणजे ‘ही इज रूड’, स्वभावच तसा. ‘तो आज उद्धटपणा करतोय’ म्हणजे ‘ही इज बीइंग रूड’. ऑनलाइन बैठकीत ‘ऐकू येतंय का?’ याला आपण ‘आर यू हिअरिंग मी’ म्हणतो. तिथे ‘कॅन यू हिअर मी’ हे सहज इंग्रजी आहे.

ही ‘मला’ची खूण सगळीकडे चालेलच असं नाही, हेही मुलीला सांगा. मला थंडी वाजतेय, इथे ‘आय फील कोल्ड’ आणि ‘आय अ‍ॅम फीलिंग कोल्ड’ दोन्ही चालतात. उलट ‘मी त्यांना ओळखतो’ यात ‘मी’ आहे, तरी ‘नोइंग’ चालत नाही. पण ओळख असल्याच्या अर्थाने ‘मी त्यांना ओळखतोय’ असं मराठीतही कुणी म्हणत नाही, तेव्हा इथेही कान साथ देतो.

मॅकडोनाल्ड्सची 2003 सालापासूनची ‘आय अ‍ॅम लव्हिंग इट’ ही जाहिरात दाखवून मुलं हमखास वाद घालतात. तिथे ‘लव्ह’चा अर्थ या क्षणी मजा येतेय असा केलाय, आणि रूढी मोडल्यामुळेच ते लक्षात राहतं. परीक्षेत मात्र ‘आय लव्ह इट’ लिहावं. आणि इंग्रजी स्वतःही कायम अशीच नव्हती. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये पोलोनियस हातात पुस्तक घेतलेल्या हॅम्लेटला विचारतो, ‘व्हॉट डू यू रीड, माय लॉर्ड?’ आज कुणीही ‘व्हॉट आर यू रीडिंग’ म्हणेल. चारशे वर्षांपूर्वी साध्या रूपावर भागत होतं, ‘इंग’ची सक्ती नंतर आली.

आईंनी पत्राच्या शेवटी स्वतःविषयी एक वाक्य इंग्रजीत लिहिलंय: ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स.’ ते मराठीतल्या ‘पाच वर्षं पुण्यात राहतेय’वरून आलंय. आपल्या ‘राहतेय’मध्ये मागची पाच वर्षंही मावतात. इंग्रजीच्या ‘अ‍ॅम लिव्हिंग’मध्ये फक्त सध्याचे दिवस मावतात, तेही तात्पुरते. मागून इथवर आलेला काळ सांगायला ‘हॅव’ लागतं: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स.’ ‘सिन्स’च्या पुढे सुरुवातीचं साल किंवा महिना येतो, मुदत असेल तर ‘फॉर’.