बी.एड. की पेशीविज्ञान? चोपडा तालुक्यातील एका पालकांना उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपली मुलगी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला पेशीच्या आतल्या सांगाड्यावर संशोधन करायचे आहे, आणि ‘यात पोटापाण्याचे काय, त्यापेक्षा बी.एड. बरे नाही का’ अशी काळजी आपण कळवली आहे. आपण कापूस पिकवता, म्हणून विषयाची ओळख कपाशीपासूनच करून देतो.

बोंडातला प्रत्येक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी असते. फूल उमलताना ती लांबू लागते आणि दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. तिच्या पटलाखाली ट्युब्युलिन या प्रथिनाच्या, सुमारे २५ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीच्या सूक्ष्मनलिका आडव्या असतात. सेल्युलोज, म्हणजे धाग्याचा मुख्य घटक, बनवणारी प्रथिने त्यांच्याच दिशेने सरकतात, म्हणून पेशी जाडीने न फुगता लांबीने वाढते. त्याच वेळी सुमारे ७ नॅनोमीटर जाडीच्या ॲक्टिन तंतूंवरून मायोसिन प्रथिने बांधणीचा माल वाहून नेतात. सूक्ष्मनलिका आणि ॲक्टिन तंतू ही पेशीच्या सांगाड्यातली दोन जाळी; त्यांचा मेळ कसा बसतो, हाच आपल्या मुलीचा प्रश्न आहे. फॉर्मिन कुळातील काही प्रथिने दोन्ही जाळ्यांना धरतात आणि कटॅनिन हे प्रथिन सूक्ष्मनलिका कापून त्यांची मांडणी बदलते, एवढे कळले आहे. पण बरेच उलगडायचे आहे, आणि म्हणूनच या क्षेत्रात नव्या माणसाला जागा आहे. या सांगाड्याचा औषधांशीही संबंध आहे: सातपुड्यात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतले कोल्चिसिन हे रसायन ट्युब्युलिनलाच चिकटून सूक्ष्मनलिका बनू देत नाही, आणि गाउट या सांधेदुखीच्या आजारावर ते औषध म्हणून दिले जाते. (वनस्पती जहाल विषारी आहे, घरी प्रयोग मुळीच करू देऊ नये.)

आता पोटापाण्याचे. एम.एस्सी. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठात करता येईल, किंवा ‘जॅम’ ही एम.एस्सी.ची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत. ‘जॅम’च्या जैवतंत्रज्ञानाच्या पेपरात बारावीचे गणित आणि भौतिकशास्त्रही असते, वनस्पतिशास्त्राची मुले नेमकी तिथेच अडखळतात, म्हणून तिने ती पुस्तके या सुट्टीतच पुन्हा उघडावीत. पुढे ‘नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (पीएच.डी. करताना मिळणारे मासिक विद्यावेतन) मिळाली, तर २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे पीएच.डी.चा भार घरावर पडत नाही. कायम नोकरी मिळेपर्यंत मात्र अनेकदा तिशी ओलांडते, आणि ती वाट पाहण्याची घरच्यांची तयारी हवी, हे मी स्पष्ट सांगतो.

बी.एड.चे दार एम.एस्सी.नंतरही उघडे असते. त्यामुळे तिचा निर्णय घाईने बदलू नये, असे माझे ठाम मत आहे. तिसऱ्या वर्षाचे निकाल आणि ‘जॅम’चे गुण हाती आल्यावर तिच्यासह मला पुन्हा लिहावे.