नक्की परवडतं कुठे, दुबई की लिस्बन?

मे महिना आणि गणेश चवथीच्या आधीचे पंधरा दिवस, गोव्यात फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये हा प्रश्न हमखास येतो. सुट्टीवर आलेली मुलं येतात, कधी त्यांच्या बायका, कधी नुसती आई येते, आणि बाकी सगळं बोलून झालं की फिरून फिरून तिथेच, मॅडम, नक्की परवडतं कुठे? आखातात राहावं की युरोपात जावं? सुरवातीला मला वाटायचं हा प्रश्न सीएला विचारायचा, माझ्याकडे कशाला. आता १८ वर्षांनी तसं वाटत नाही. ज्याला फक्त आकडा हवा असतो त्याची झोप उडालेली नसते, आणि माझ्याकडे येतात त्यांची उडालेली असते.

एकाची गोष्ट सांगते (परवानगी घेतलीय, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). वय ३४, दुबईत एका कंपनीत अकाउंट्सला, राहायला शारजात बेडस्पेसवर, एका खोलीत चौघं. बायको आणि पहिलीतला मुलगा इथे गावात आईवडिलांबरोबर. पहिल्याच भेटीत त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला, एक्सेल शीटची प्रिंट. तीन कॉलम, दुबई, पोर्तुगालमधलं लिस्बन, इंग्लंडातलं स्विंडन. दूध, अंडी, भाडं, बसचा पास, केस कापायचे पैसे, सगळं. सहा महिने रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून केलेलं.

"स्विंडन कशाला?" मी विचारलं.

"चुलतभाऊ तिथे आहे. फोन केला की पहिलं वाक्य, तू अजून दुबईतच?"

आधी शीटवरच बोललो. जे दुखतं ते माणूस लगेच दाखवत नाही, जे आणलंय ते दाखवतो, तर त्याचा मान ठेवायचा असं मी मानते. आणि शीटमध्ये खरोखरच चुका होत्या. आकडे नंबिओवरून घेतलेले, म्हणजे शहरांच्या खर्चाची तुलना करणाऱ्या वेबसाइटवरून. तिथे न्यूयॉर्कला १०० धरून बाकीची शहरं मोजतात, आणि राहणीमानाचा जो मुख्य आकडा दिसतो त्यात घरभाडं धरलेलंच नसतं, ते वेगळं दाखवतात. याने नेमका तोच आकडा घेऊन लिस्बन स्वस्त असं पेनाने गोल करून ठेवलं होतं, आणि लिस्बनला आज माणसाला रडवतं ते भाडंच. दुसरं म्हणजे मर्सरसारख्या सल्लागार कंपन्यांच्या याद्या, हाँगकाँग सगळ्यात महाग वगैरे बातम्या येतात त्या, दोनशेहून जास्त वस्तू-सेवांचे भाव घेऊन केलेल्या असतात पण त्या बाहेर पाठवलेल्या साहेब लोकांचे भत्ते ठरवायला कंपन्यांना लागतात म्हणून. बेडस्पेसवर राहून घरी पैसे पाठवणाऱ्याची टोपली त्यात नाही.

आणि स्विंडनचा कॉलम तर जुन्या ऐकीव माहितीवर. वडलांचा जन्म १९६१ च्या १९ डिसेंबरच्या, म्हणजे गोवा मुक्त व्हायच्या, आधीचा म्हणून पोर्तुगीज नागरिकत्व मिळेल हे बरोबर, आपल्याकडे घरोघरी माहितीय. पण तो पासपोर्ट घेऊन थेट इंग्लंडात कामाला लागायचं दार ब्रेक्झिटमुळे ३१ डिसेंबर २०२० नंतर नव्याने जाणाऱ्यांसाठी बंद झालं, चुलतभाऊ त्याआधी गेलेला. शिवाय तो पासपोर्ट घेतला की भारताचं नागरिकत्व सुटतं. म्हणजे उरलं लिस्बन, तिथे २०२५ साली किमान पगार महिन्याला ८७० युरो, वर्षाला असे १४ पगार, त्यातून ११ टक्के सामाजिक सुरक्षेचे कापून. याने बाराच धरलेले, आणि कापायचं विसरलेला.

दुबईच्या कॉलममध्ये उलटी चूक. इन्कम टॅक्स नाही हे लिहिलं होतं, पण ग्रॅच्युइटी शून्य! तिथे पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक पगार आणि पुढे ३० दिवसांचा जमत जातो. याला सात वर्षं झालेली. अकाउंट्सचा माणूस, ऑफिसात दुसऱ्यांची काढून देत असणार, स्वतःची धरली नाही. मी तेव्हाच मनात खूण केली की याच्या हिशोबात स्वतःच्या बाजूचं काही येतच नाही.

तिसऱ्या भेटीत मी त्याला वरचं सगळं झाकून खालच्या ओळी वाचायला सांगितल्या. पगार ६५०० दिरहॅम, बेडस्पेस ८००, जेवण ७००, येणंजाणं आणि मोबाईल ५००, घरी ३०००, इतर ११००, शिल्लक ४००.

"हे इतर काय?"

"असंच... इतर."

बेडस्पेसपेक्षा मोठी ओळ आणि तिला नाव नाही. मग आम्ही दोघं ती उलगडत बसलो, तास गेला. मामाच्या मुलाला फोन २५०० दिरहॅमचा. चुलत बहिणीच्या लग्नात अंगठी. देवळाची वर्गणी, यादीत नाव वर पाहिजे म्हणून. चवथीचा कार्गोचा बॉक्स, निडो, टँग, परफ्यूम, चॉकलेटं, वाड्यावर कोणी सुटायला नको. मी त्याला म्हटलं, रुपयांत नको करूस, दिवसांत कर. २६ दिवस कामाचे, म्हणजे दिवसाचे २५० दिरहॅम.

त्याने फोनच्या पुढे पेन्सिलीने १० लिहिलं. मग पेन्सिल तशीच धरून बसला. बाहेर कदंबाची बस हॉर्न देत उभी होती ती गेली तरी हा गप्प. मी पण काही बोलले नाही, नवीन असताना अशा वेळी मी घाईने समजावायला जायचे, आता जात नाही, आणि एवढी एक गोष्ट मी चांगली शिकले असं मला वाटतं.

"दहा दिवस मॅडम," तो म्हणाला. "साडेपाचला उठून, शारजाच्या त्या ट्रॅफिकात. आणि त्याने तो फोन वर्षात विकला."

"दिला नसता तर?"

"तर म्हणाले असते सात वर्षं दुबईत राहून काय केलं."

"कोण म्हणालं असतं?"

उत्तर यायला वेळ लागला. "मीच."

तिथे मला गाठ सापडली. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचाराची, माणसाला त्रास देतो तो त्याच्या मनातला "पाहिजेच", असं मानणारी. परदेशात गेलोय म्हणजे दिसलंच पाहिजे, चुलतभावापेक्षा कमी पडताच कामा नये. हा पाहिजेच देश बदलून स्वस्त होत नाही, लिस्बनला गेला असता तर इतरची ओळ त्याच्या बॅगेतून युरोत गेली असती.

चौथ्या भेटीला बायकोला बोलावलं. ती कागद बघून हळूच म्हणाली, "चवथीला हे येतात, आणि बॉक्स रिकामा होईपर्यंत लोकांच्याच घरी. गणपतीवरची फळांची माटोळी बांधायला कोण नसतं. बाबू विचारतो, पप्पा कधी येणार, मी म्हणते अरे आलेत."

तो मान खाली घालून ऐकत होता.

जे हा प्रश्न घेऊन येतात त्यांना मी आता आधी हे करायला सांगते. बाहेरची यादी बघा, जरूर बघा, पण भाडं आत धरलंय का ते आधी तपासा. एकट्याचा खर्च आणि कुटुंबाचा खर्च हे दोन वेगळे देश समजा, दुबईत बेडस्पेसवर भागतं म्हणून बायकोमुलांना नेलं की भागेल असं नाही, वन बीएचके, शाळेची फी, विमा, लाईट-पाणी सगळं नव्याने मांडावं लागतं. प्रत्येक चहाचे रुपये करत बसू नका, दोन दिरहॅमच्या करक चहाचे पन्नास रुपये केले की माणूस चहा पण पीत नाही आणि अंगठी मात्र देतो, मी असे कितीतरी पाहिलेत, वजन उतरलेलं, गॅसचा त्रास, आणि गावात नाव मोठं. दिरहॅम डॉलरला ३.६७ ला बांधलेला आहे, म्हणून रुपया पडला की घरी जास्त पोचल्यासारखं वाटतं, ती पगारवाढ नाही, इथले भाव पण वाढत असतात. आणि गोव्याच्या घराचा एक कॉलम पाहिजे, तो भरायचा घरात राहणाऱ्याने. किती पाठवू हे तिथे बसून ठरवू नका, फोन करून विचारा तरी, किती लागतात. याच्या बायकोने तो कॉलम भरला तेव्हा कळलं की तिला महिन्याला २४०० दिरहॅमएवढेच लागत होते, उरलेले ती कोणाला न सांगता पोस्टात टाकत होती, त्याची नोकरी गेली तर म्हणून. त्याला हे सात वर्षं माहीत नव्हतं, शीटमध्ये कुठे दिसणार.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. लिस्बनचा विचार त्याने बाजूला ठेवला, दुबईत अजून तीन वर्षं आणि मग बघू असं दोघांनी मिळून ठरवलं, तारीख कॅलेंडरवर लिहिली. जानेवारीत बायकोमुलगा तीस दिवस तिकडे राहून आले, एका मित्राच्या रिकाम्या फ्लॅटवर. त्याने मला नवीन शीटचा फोटो पाठवला, त्यात इतर नाही, एकेक नाव आहे आणि पुढे दिवस. मामाच्या मुलापुढे शून्य. चुलतभावाचा फोन आला की अजून पोटात गोळा येतो म्हणतो, आणि पुढच्या भेटीत तेवढंच घ्यायचं आम्ही ठरवलंय.