स्कँडिनेव्हियन क्राईम सिरीजमधली विविधता खरी की नुसती दाखवायला?

माझ्या मते खरी आहे, पण अर्धीच. तुम्ही विचारलंय की डेन्मार्क-स्वीडनच्या क्राईम सिरीजमध्ये वेगवेगळ्या प्रकारची माणसं दिसतात म्हणून एवढं कौतुक होतं त्यात तथ्य किती. (पुढे 'द किलिंग'च्या पहिल्या सीझनचा शेवट फुटणार आहे, बघायचा असेल तर इथेच थांबा.)

बायकांच्या बाबतीत तर पूर्ण मार्क. डेन्मार्कच्या 'द किलिंग'मधली पोलीस ऑफिसर सारा लुंड कामापुढे स्वतःच्या पोराला विसरते, तुसडी आहे, तरी सिरीज तिला 'वाईट आई' ठरवून मोकळी होत नाही. डेन्मार्क-स्वीडनच्या 'द ब्रिज'मधल्या स्वीडिश पोलीस ऑफिसर सागा नोरेनला ऑटिझम असावा असं सगळे प्रेक्षक धरून चालतात, पण चार सीझनमध्ये कोणी तिच्यावर तसं लेबल लावत नाही, ती आहे तशी आहे आणि बाकीच्यांना सवय करून घ्यावी लागते. हे मला जाम आवडलं.

घोडं अडतं ते बाहेरून आलेल्या लोकांपाशी. 'द किलिंग' डेन्मार्कच्या सरकारी डीआर चॅनलवर 2007 मध्ये आली, तेव्हा तिथलं सरकार डॅनिश पीपल्स पार्टी या स्थलांतरविरोधी पक्षाच्या पाठिंब्यावर चाललेलं, हे डोक्यात ठेवून बघा. नॅना नावाच्या शाळकरी मुलीचा खून होतो आणि संशय जातो तिच्या शाळेतल्या रामा या मुस्लिम शिक्षकावर. सज्जन माणूस, बायको गरोदर, आणि महापौरपदाच्या उमेदवाराने त्याला स्थलांतरित मुलांसाठीच्या रोल मॉडेल योजनेत घेतलेलं, म्हणजे संशय आला की राजकारणही पेटतंच. नॅनाचा बाप त्याला पकडून नेतो आणि त्याला बेदम मारहाण होते. आपल्याकडे सिरीयलमध्ये दागिना हरवला की आधी मोलकरणीची पिशवी तपासतात ना, तसंच, फक्त इथे पिशवी तपासताना प्रेक्षक म्हणून आपणही हात घालत असतो, आणि लेखक सोरेन स्वाइस्ट्रुपला नेमकं तेच हवं असतं. कारण विसाव्या भागात कळतं काय, तर नॅना अमीर नावाच्या मुस्लिम घरातल्या मुलाबरोबर पळून जाणार होती आणि ते सहन न झालेल्या, घरच्यासारख्याच एका डॅनिश माणसाने तिला मारलं. म्हणजे ज्या नजरेने रामाकडे बघितलं गेलं तीच नजर खुनामागे होती. जबरदस्त रचना आहे. (2011 च्या अमेरिकन रिमेकने खुनाचं हे कारणच बदलून टाकलं, का कुणास ठाऊक.)

पण आता उलटं बघा. अमीर स्वतः पडद्यावर किती येतो? जेमतेम. रामा निर्दोष ठरला की त्याचं काम संपलं, तो कथेतून गेलाच. नॅनाच्या आईबापाच्या दुःखाला मात्र तासन्‌तास मिळतात, आणि तो बाप सामान हलवण्याचा धंदा करणारा साधा कामगार माणूस आहे, म्हणजे गरीब-श्रीमंत या वर्गभेदाच्या बाबतीत सिरीज एकदम जागी आहे. रामा आणि अमीर मात्र डॅनिश समाजाला धरलेला आरसा एवढेच उरतात.

'द ब्रिज'चंही थोडंफार तेच. डेन्मार्कचं कोपनहेगन आणि स्वीडनचं माल्मो यांना जोडणारा तो पूल 2000 साली सुरू झाला, लोक रोज ये-जा करायचे, मग 2015 मध्ये एकट्या स्वीडनमध्ये दीड लाखाच्या वर आश्रयाचे अर्ज आले आणि 2016 पासून तिथे ओळखपत्र तपासणी बसली. 2018 च्या शेवटच्या सीझनमध्ये याचेच पडसाद आहेत, स्थलांतर खात्याच्या प्रमुख बाईंचा दगडांनी ठेचून खून होतो, आणि देशाबाहेर काढला जाणारा एक गे तरुण कथेत येतो. विषय धाडसी, पण तरुण पुन्हा एक 'प्रश्न' म्हणूनच आलाय, तपास करणारे दोघे प्रमुख गोरेच.

बदल दिसला तो स्वीडनच्या 'मिडनाइट सन'मध्ये (2016). किरुना या खाणीच्या गावात गोष्ट घडते, तपासाला आलेली पॅरिसची पोलीस ऑफिसर काहिना उत्तर आफ्रिकन मुळाची, तिच्या जोडीचा सरकारी वकील अँडर्स अर्धा सामी आणि गे. सामी म्हणजे तिथले मूळ रहिवासी, ज्यांच्याबद्दल बाकी सिरीज गप्पच असतात. पहिलाच सीन हेलिकॉप्टरच्या पात्याला बांधलेल्या माणसाचा, त्यामुळे लेक्चर ऐकतोय असं अजिबात वाटत नाही. नंतर 2021 ची 'स्नाबा कॅश', तिच्यात तर स्टॉकहोमच्या उपनगरातली स्थलांतरितांची मुलंच मुख्य, लेया ही गँगस्टरची विधवा स्टार्टअपला पैसे मिळवायला धडपडते. इथेही तक्रार आहे, ब्राऊन माणूस दिसला की हातात बंदूक असणार हे ठरलेलंच, पण निदान त्यांना भूक, लोभ, प्रेम, मूर्खपणा सगळं आहे, कोणाचा आरसा म्हणून ते उभे नाहीत.

तुम्हाला यातली एकच बघायची असेल तर 'मिडनाइट सन' बघा, आठच भाग आहेत. फक्त डबिंग लावू नका, त्यात स्वीडिश, फ्रेंच, सामी सगळं मिसळून येतं आणि डबिंगमध्ये कोण कुठला हेच कळत नाही.